चार पैंची शाळा

शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा द्यावयाचा, आणि त्या आण्याच्या बारा पैंपैकीं आठ पै रस्ते वगैरे लोकोपयोगी कामांकडे व चार पै शाळांकडे जावयाच्या, असा एक साधा हिशेब मुंबई इलाख्यांत १८६३ सालापासून सुरू झाला. १८६९ च्या कायद्यानें त्यास कायमचें रूप आलें. खेड्यांतील लोक या पट्टीला ‘लोकल फंड’ म्हणत. नीरेच्या खोऱ्यांतील वडगांव निंबाळकरचा शेतकरी असो कीं भीमेकडील इंदापूरचा असो, चावडीवर सारा भरतांना तो हा आणाही मोजून देई. पैसा त्याचा, शाळाही त्याच्याच नांवानें. मात्र शाळा कोणत्या गांवीं काढावी, ती कोणत्या जागेंत भरावी, तींत कोणी शिकवावें आणि तिचा उंबरठा ओलांडून कोणाचें मूल आंत यावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? महाराष्ट्रांतील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासांत जेवढे वाद माजले, ते बहुतेक या चार प्रश्नांभोंवतींच फिरलेले आहेत.

हे प्रश्न ज्याच्या पुढ्यांत कागदांच्या रूपानें येऊन पडत, तो मनुष्य म्हणजे प्रथम लोकल बोर्डाचा आणि पुढें स्कूल बोर्डाचा सभासद होय. शिक्षणतज्ज्ञांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं, कायदे करणाऱ्यांचे पुतळे उभे राहिले; परंतु या सभासदाची आठवण क्वचितच कोणी ठेविली. तो विद्वान असेच असें नाहीं; कित्येकदां तो स्वतःच जेमतेम शिकलेला बागाईतदार, वकील किंवा व्यापारी असे. तथापि त्याच्या एका हात वर करण्यानें एखाद्या गांवाची पिढी साक्षर होई आणि न करण्यानें तशीच राही. त्याच्या खुर्चीवरून हा इतिहास कसा दिसतो, हें पाहणें उद्बोधक होईल.

बारामती आणि इंदापूर हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगलसाहेबांच्या पाहणीप्रमाणें बसविलेला सारा रयतेला इतका जड झाला कीं, जमिनी ओस पडूं लागल्या. तेव्हां १८३५–३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं नव्या पाहणीची पद्धति प्रथम इंदापुरांतच अमलांत आणिली, आणि पुढें तीच सर्व मुंबई इलाख्यांत रूढ झाली. त्याच वर्षांत शेजारच्या पुरंदर तालुक्यांत शॉर्टरीड नांवाच्या अधिकाऱ्यानें खेड्यांसाठीं साध्या मराठी शाळा काढण्याचा उपक्रम केला. पंतोजीचा पगार दरमहा तीन ते पांच रुपये, आणि शिकविणें शेतकऱ्याच्या उपयोगापुरतें. अशा साठांहून अधिक शाळा त्या एका तालुक्यांत निघाल्या. १८४० मध्यें बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें आणि त्या शाळा त्याच्या देखरेखीखालीं गेल्या. १८५५ मध्यें बोर्डाची जागा सरकारी शिक्षणखात्यानें घेतली. येणेंप्रमाणें सारा ठरविणारा साहेब आणि शाळा काढणारा साहेब एकाच कचेरींतून खेड्यांत आले. दोहोंविषयीं गांवकऱ्यांस कोणी विचारलें नाहीं. सारा द्यावयाचा होता, तो त्यांनीं दिला. आणि शाळा आली, तेव्हां ती सरकारची वस्तु आहे असें समजून तिच्याकडे दुरूनच पाहिलें.

लोकल फंड सुरू झाल्यावर तरी ही दृष्टि पालटावयास हवी होती. आतां शाळेंत शेतकऱ्याचा स्वतःचा पैसा होता. परंतु पट्टी प्रत्येक खेड्यांतून गोळा होई आणि शाळा मात्र थोड्याच गांवीं निघे; आणि जेथें निघे तेथेंही तिचे बांक भरत ते बहुधा पांढरपेशांच्या मुलांनीं. कुणब्याचें पोर गुरांमागें असे. या स्थितीचें मोल काय होतें, हें १८७५ मध्यें याच मुलखानें साऱ्या हिंदुस्थानास दाखवून दिलें. त्या वर्षीं १२ मे रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांस हवे होते ते दागिने किंवा धान्य नव्हे, तर कर्जरोखे. ते हिसकावून त्यांची होळी करण्यांत आली. ज्या कागदाखालीं आपण नांगराची निशाणी केली आहे, त्यांत काय लिहिलें आहे हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला तो कागद जाळण्यावांचून दुसरा मार्ग सुचला नाहीं. पुढें १८७९ मध्यें सरकारनें शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला आणि रोखे सरकारी नोंदणी करणाऱ्यासमोर लिहिले जावेत अशी तजवीज केली. म्हणजे शेतकऱ्याला वाचतां येत नाहीं हें गृहीत धरून त्याच्या वतीनें वाचणारा मनुष्य नेमला गेला. चार पै बारा वर्षें भरल्यानंतरही ज्याला स्वतःचा रोखा वाचतां येत नव्हता, त्याच्या पैशांची शाळा कोणासाठीं चालली होती, हा प्रश्न कोणीतरी उघडपणें विचारणें आवश्यकच होतें.

तो प्रश्न विचारणारा पुरुष पुण्यांतच होता. १८८२ मध्यें सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग बसला, तेव्हां जोतीराव फुले यांनीं त्याच्यापुढें आपलें निवेदन ठेविलें. या निवेदनाखालीं त्यांनीं आपली ओळख करून दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद अशी. समाजसुधारक म्हणून त्यांची थोरवी सर्वश्रुत आहे. परंतु १८७६ पासून ते म्युनिसिपालिटींत बसत होते आणि सार्वजनिक पैसा कसा खर्च होतो हें त्यांनीं सभागृहांतून पाहिलें होतें, ही गोष्ट या निवेदनाच्या वाचकानें विसरूं नये. म्हणूनच त्यांत केवळ तक्रार नाहीं, तर अंदाजपत्रक मांडणाऱ्याचा बारकावा आहे. सरकारचें उत्पन्न कष्टकऱ्यांच्या श्रमांतून येतें आणि तें वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातें, असें त्यांनीं स्पष्ट बजाविलें. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून तयार करावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा. मुलांना मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीची माहिती आणि आरोग्याचे नियम शिकवावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. महार-मांगांच्या मुलांना जातीच्या पूर्वग्रहामुळें शाळांची दारें प्रत्यक्षांत बंदच आहेत, हेंही त्यांनीं सांगितलें. शाळेची बाजू मांडतांना पगाराचा आंकडा सांगणारा सभासद दुर्मिळ असतो. कारण आंकडा सांगितला कीं तो कोठून आणावयाचा, या प्रश्नाचें उत्तरही द्यावें लागतें.

त्याच वर्षीं १८ मे रोजीं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयींचा ठराव प्रसिद्ध झाला. त्यास अनुसरून मुंबई सरकारनें १८८४ मध्यें लोकल बोर्डांचा कायदा केला आणि तालुक्यातालुक्यांतून व जिल्ह्याजिल्ह्यांतून बोर्डें निर्माण झालीं. कांहीं सभासद निवडलेले, कांहीं नेमलेले, आणि अध्यक्षाच्या जागीं बहुधा सरकारी अधिकारी. मत देण्याचा अधिकार सारा किंवा मिळकत यांच्या मापानें मिळे. शाळांचा खर्च बोर्डाच्या वह्यांत आला. परंतु मास्तरांच्या नेमणुका, पाठ्यपुस्तकें, परीक्षा आणि तपासणी हीं शिक्षणखात्याच्याच हातीं राहिलीं. खेड्यांतील शाळेला सभासदापेक्षां डेप्युटीचा धाक अधिक असे, तो उगीच नव्हे.

अशा बोर्डाच्या बैठकीस बसलेल्या सभासदापुढें अर्ज येत ते बहुधा एकाच साच्याचे. गांवची वस्ती अमुक, मुलें तमुक, गांवकरी जागा देण्यास तयार, तरी शाळा मिळावी. पैसा एका शाळेपुरता आणि अर्ज अनेक. मग निवड कशी करावी? जो गांव इमारत देतो, ज्याचा पाटील खटपट्या आहे, ज्याच्या वस्तींत वाचणारे लोक आधींच आहेत, त्या गांवाचा अर्ज साहजिकच वर येई. कारण तेथें शाळा टिकेल अशी खात्री असे. ज्या गांवाला शाळेची सर्वांत अधिक गरज, त्याला धड अर्जही लिहितां येत नसे. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. पैसा वायां जाऊं नये ही सभासदाची चिंता प्रामाणिकच होती. परंतु त्या प्रामाणिक चिंतेचा परिणाम असा होई कीं, ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळे. पट्टी मात्र दोन्हीं गांवांनीं सारखीच भरलेली असे.

याहून सूक्ष्म आणि याहून कठोर असा प्रश्न जागेचा होता. खेड्यांत शाळेला स्वतंत्र इमारत क्वचितच असे. ती चावडींत, धर्मशाळेंत, एखाद्या वाड्याच्या पडवींत आणि पुष्कळदां देवळाच्या ओवरींत भरे. भाडें वांचलें म्हणून बोर्डास समाधान वाटे आणि हिशेबाच्या वहींत तो काटकसरीचा व्यवहार ठरे. परंतु देवळांत शाळा भरवितांच गांवच्या महार-मांगांचीं मुलें आपोआप तिच्याबाहेर राहिलीं. त्यांना प्रवेश नाकारण्याचा ठराव कोणीं केला नव्हता. केवळ भाडें वांचविण्याचा ठराव झाला होता. नियमाचें पुस्तक शाळा सर्वांस खुली आहे असें सांगत होतें आणि देवळाची पायरी तें खोटें ठरवीत होती.

या प्रश्नाचा निकाल कागदावर फार पूर्वींच लागला होता. १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारनें त्या वेळीं बहुसंख्यांच्या भावनांकडे बोट दाखवून तो अमान्य केला. परंतु प्रकरण वर गेलें आणि १८५८ मध्यें असें तत्त्व ठरलें कीं, सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा जातिभेद न मानतां सर्व प्रजाजनांस खुल्या असाव्यात. हंटर आयोगानेंही तें तत्त्व उचलून धरिलें. तत्त्व आणि तरट यांत मात्र केवढें अंतर असतें! ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या शाळेंत भीमराव आंबेडकर यांचें नांव पटावर चढलें. परंतु वर्गांत त्यांना इतरांपासून वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. पटावर नांव चढविणें सरकारच्या हातीं होतें, शेजारीं बसविणें तेथील माणसांच्या हातीं होतें. कित्येक ठिकाणीं बोर्डांनीं यांतून वेगळ्या शाळा काढण्याचा सोयीचा मार्ग शोधला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१९ मध्यें असल्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना सर्वसाधारण शाळांतच घेण्याचा हुकूम सोडला. छत्रपतींच्या हुकुमानें जें एका सणाच्या मुहूर्तावर होऊं शकलें, तें बोर्डाच्या सभासदाला मतांनीं घडवून आणावयाचें होतें. आणि ज्या मुलांचा प्रश्न होता, त्यांच्या बापांना त्या वेळीं बहुधा मत नव्हतें. स्थानिक स्वराज्याची खरी अडचण येथें दिसून येते. गांवानें निर्णय घ्यावा हें योग्यच; परंतु गांव म्हणजे कोण?

हाच प्रश्न मुलींच्या बाबतींत पुणें शहरांत उभा राहिला. सक्तीच्या शिक्षणाची कल्पना तोंवर चांगलीच पुढें आली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत तिचा प्रयोग केला आणि १९०६ मध्यें ती सर्व संस्थानास लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणिलें. तें मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. १९१७ मध्यें कोल्हापूर संस्थानानें मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग धरला. पुढच्याच वर्षीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत म्युनिसिपालिट्यांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या कायद्यानें वाद संपला नाहीं, तर तो कौन्सिलांतून उठून गांवच्या सभागृहांत येऊन बसला. १९२० मध्यें पुणें म्युनिसिपालिटीपुढें प्रश्न आला कीं, सक्ती मुलगे आणि मुली या दोघांस एकदम लावावी, कीं पैसा अपुरा असल्यामुळें प्रथम मुलग्यांपुरतीच लावावी?

दोन्ही बाजूंस मोठीं माणसें होतीं. पैशाची ओढ पाहतां आधीं मुलग्यांचें शिक्षण मार्गास लावावें, हा पक्ष लोकमान्य टिळकांनीं मांडला. उलट विठ्ठल रामजी शिंदे, रँग्लर परांजपे आदि मंडळींचें म्हणणें असें कीं, मुलींना वगळून केलेली सक्ती ही सक्तीच नव्हे. सभा गाजल्या, वर्तमानपत्रें तापलीं, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांतील स्त्रियांनीं मिरवणुकीनें जाऊन आपली मागणी म्युनिसिपालिटीपुढें ठेविली. या प्रसंगाकडे केवळ सुधारक आणि सनातनी यांचा झगडा म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु सभासदाच्या खुर्चीवरून पाहतां तो वाद अधिक ओळखीचा वाटतो. पैसा अपुरा आहे, तर प्रथम कोण? हा प्रश्न प्रत्येक बोर्डापुढें दरवर्षीं येत असे, आणि ‘प्रथम’ या शब्दाआड ज्यांना ठेविलें जाई, त्यांची पाळी येण्यास एक-एक पिढी लागे.

१९२३ सालीं सभासदाचें खरें राज्य आलें. रँग्लर परांजपे हे मुंबई सरकारचे शिक्षणमंत्री असतांना प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे व मोठ्या म्युनिसिपालिट्यांकडे सोंपविण्यांत आला. या संस्थांनीं आपलीं स्कूल बोर्डें नेमावयाचीं, आणि त्यांनीं शाळा काढाव्यात, मास्तर नेमावेत, सक्तीच्या योजना आंखाव्यात, अशी व्यवस्था झाली. शॉर्टरीडच्या काळापासून जो अधिकार साहेबांच्या कचेरींत होता, तो प्रथमच जिल्ह्याच्या लोकांच्या हातीं पूर्णपणें आला. आतां चार पैंचा हिशेब विचारावयाचा तो आपल्याच माणसाला.

या राज्याचा अनुभव संमिश्र होता. खेड्यापाड्यांतून शाळा वाढल्या, आणि ज्या वर्गांनीं पूर्वीं बोर्डाचें दार पाहिलें नव्हतें त्यांचीं माणसें सभासद म्हणून बसूं लागलीं. परंतु मास्तर हा खेड्यांतील एकमेव लिहिता-वाचता आणि सर्वांच्या ओळखीचा मनुष्य असल्यामुळें निवडणुकींत त्याचें वजन फार. त्याची बदली हें सभासदाच्या हातांतील सर्वांत सोपें शस्त्र ठरलें. जो उपयोगी पडला तो गांवाजवळ राहिला, जो पडला नाहीं तो दूर फेंकला गेला, अशा तक्रारी होऊं लागल्या. १९२९ मध्यें हार्टोग समितीनें प्राथमिक शिक्षणाची सूत्रें स्थानिक संस्थांच्या हातीं अति प्रमाणांत गेल्याबद्दल असंतोष व्यक्त केला. अखेर १९३८ मध्यें बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती करून तपासणी सरकारकडे घेतली आणि स्कूल बोर्डाचा कारभार पाहणारा अधिकारी सरकारचा नोकर केला. लोकांनीं निवडलेल्या मंत्र्यांनींच लोकांनीं निवडलेल्या सभासदांचे हात बांधले, हें पाहून कित्येक सभासद दुखावले. त्यांच्या दुःखांत तथ्य नव्हतें असें नाहीं. थोड्यांच्या लोभासाठीं सर्वांचा अधिकार गेला. परंतु मास्तराच्या बाजूनें पाहतां, रात्रीं निजतांना उद्यां आपली बदली होईल कीं काय या भीतींतून तो कांहीं अंशीं सुटला, हेंही खरेंच.

याच १९३८ सालीं पुणें जिल्हा लोकल बोर्डावर बारामती भागांतून एक स्त्री निवडून आली. काटेवाडीच्या शारदाबाई पवार यांचें घर शेतकऱ्याचें, संसार मोठा, आणि बोर्डाच्या बैठका पुण्यास. डिसेंबर १९४० मध्यें त्यांचा मुलगा जन्मला आणि अवघ्या तिसऱ्या दिवशीं त्या मुलाला पोटाशीं घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीस पुण्यास गेल्या. पुढें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले शरद पवार हा तो मुलगा, आणि आईची ही हकीकत त्यांनींच सांगितली आहे. ओल्या बाळंतिणीनें मोटारीचे खडतर रस्ते तुडवीत बैठकीस जावें असें त्या बैठकींत काय होतें? कामकाजाच्या यादींत असावयाचे ते नेहमींचेच विषय: रस्ता, दवाखाना, विहीर, शाळा. परंतु १९२० मध्यें ज्या पुण्यांत स्त्रियांना मुलींच्या शाळेसाठीं सभागृहाबाहेर मिरवणूक न्यावी लागली, त्याच पुण्यांत अठरा वर्षांनंतर एका खेड्यांतील स्त्रीची खुर्ची सभागृहाच्या आंत होती. अनुपस्थित राहिलेल्या सभासदाचें मत मोजलें जात नाहीं, हें तिला पक्कें ठाऊक होतें. स्थानिक स्वराज्यावर लिहिलेल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षां हा एक प्रवास अधिक बोलका आहे.

स्वराज्यानंतर कारभाराचीं घरें बदललीं. १९४७ मध्यें मुंबई प्रांताचा नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १९६१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ पासून खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. लोकल बोर्डें इतिहासजमा झालीं. मताला सारा किंवा मिळकत यांची अट राहिली नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिति दिली. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणांत जागा असावी असें ठरविलें. जोतीरावांनीं १८८२ मध्यें मागितलेली सक्ती आतां बापावर न राहतां सरकारावर आली. मुलानें शाळेंत गेलें पाहिजे याऐवजीं सरकारनें शाळा दिली पाहिजे, असा तो पालट होता.

तरीही ते चार प्रश्न मिटलेले नाहींत. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारच्या शिक्षणखात्यानें वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हां शाळा कोणत्या गांवीं असावी हा १८८४ चा प्रश्न पुन्हां नव्या कागदावर उमटला. लहान शाळेंत पैसा वायां जातो, हें एका बाजूचें म्हणणें. दूरची शाळा म्हणजे लहान मुलीसाठीं बंद झालेली शाळा, हें दुसऱ्या बाजूचें. त्या काळच्या सभासदानें हे दोन्ही युक्तिवाद ऐकतांच ओळखले असते.

आणि वडगांव निंबाळकरच्या परिसरांतच पाहावयाचें तर आणखी एक प्रश्न उभा आहे. १८७६–७७ च्या दुष्काळांत कामाला लागलेल्या हातांनीं नीरेचा डावा कालवा खणावयास घेतला. त्याचें पाणी आलें आणि हा कोरडा मुलूख उसाचा झाला. जवळच सोमेश्वरनगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या शेतकऱ्याचा आजा स्वतःचा रोखा वाचूं शकत नव्हता, त्याचीं नातवंडें आज शिकून मोठमोठ्या हुद्द्यांवर गेलीं आहेत. परंतु दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार या पट्ट्यांत येतात. नवराबायकोच्या जोडीला येथें ‘एक कोयता’ म्हणतात; त्यांचीं मुलें फडाच्या कडेला कोप्यांत राहतात आणि हंगाम संपला कीं निघून जातात. त्यांचें नांव पटावर दूरच्या कोणत्यातरी गांवीं असतें आणि तीं स्वतः येथें असतात. १९९० नंतरच्या काळांत त्यांच्यासाठीं साखरशाळा निघाल्या. २००९ च्या कायद्यानें स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर घातली. कायदा पूर्ण आहे, जसा तो १८५८ मध्येंही पूर्ण होता. उणीव आहे ती एवढीच कीं, या मुलांच्या आईबापांचें मत दुसऱ्या गांवीं आहे. येथील समितींत त्यांच्या वतीनें हात वर करणारा कोणी नाहीं.

शाळेवर सत्ता सरकारची असावी कीं गांवाची, या वादांत दीडशे वर्षें गेलीं. सरकारच्या हातीं सत्ता असतां शेतकऱ्याचे चार पै त्याच्या मुलापर्यंत पोंचले नाहींत. गांवाच्या हातीं सत्ता येतां गांवांतील दुबळ्याचें मूल दारांतच अडलें. यावरून सत्ता कोणाकडेही असली तरी सारखेंच, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. गांवाच्या हातीं सत्ता असणें हेंच इष्ट. कारण सभासद चुकला तर त्याला गांवच्या चावडीवर गांठतां येतें, आणि साहेब चुकला तर त्याचा पत्ताही लागत नाहीं. मात्र या इतिहासांत जे निर्णय काळाच्या कसोटीस उतरले, ते बहुधा अशा मुलांसाठीं घेतलेले आहेत कीं ज्यांच्या आईबापांच्या हातीं त्या वेळीं मत नव्हतें: धारवाडचा तो विद्यार्थी, पुण्याच्या मुली, कोल्हापूरच्या वेगळ्या शाळांतून बाहेर आणलेलीं पोरें. आपल्या मतदारांच्या मुलांची काळजी कोणताही सभासद वाहतो; ती वाहिली नाहीं तर पुढल्या निवडणुकींत तो पडतो. ज्याच्या बापाचें मत आपल्याला कधींच मिळावयाचें नाहीं, त्या मुलासाठीं शाळेची जागा, मास्तर आणि वेळ ठरविणारा सभासद जेव्हां मंडळावर बसतो, तेव्हांच शेतकऱ्यानें चावडीवर मोजून दिलेल्या त्या चार पैंची खरी पावती फाटते.